बाभळीच्या काट्या आणि मासोळी

शिरपूर जैनला बाहेरची माणसं येतात ती अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला. आम्हा भोयांचं पोट मात्र पाण्यावर. अडोळ धरण आणि आसपासचे लहान-मोठे तलाव, यांतच आमच्या घराण्याची जाळी पडत आली. समुद्र आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. तरी मासे एका जागी जमवायची युक्ती दोन्हीकडे एकच आहे, आणि त्यावरून होणारी भांडणंही एकच.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वडील बाभळीच्या काट्या तोडून आणत. जाड बुंध्याच्या, ओल्या. पऱ्हाटी चालत नसे, ती लवकर कुजते. काट्यांची मोळी तारेनं आवळायची, बुडाला दगड बांधायचे आणि पावसाळ्यात जिथं दोन पुरुष पाणी चढेल अशा उतारावर ठेवून द्यायची. धरण भरलं की महिन्याभरात काट्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर गोगलगाई, किडे, झिंगे येतात. ते खायला खवल्या येतात आणि खवल्यांच्या मागावर मरळ येऊन दबा धरते. पाणकावळ्याला त्या काट्यांत घुसता येत नाही, म्हणून पिल्लंही तिथंच राहतात. हिवाळ्यात पाणी निवळलं की मी थर्माकोलच्या तराफ्यावर पालथा पडून खाली बघत बसायचो. मोकळ्या पाण्यात काही दिसत नसे. मोळीभोवती मात्र खवल्यांचा थवा एकाच तोंडानं उभा असायचा. माझी सावली पडली की सगळा थवा आत, आणि तराफा सरकला की पुन्हा बाहेर.

वडिलांचा एक दंडक होता. “काट्यात जाळं टाकू नोको, भायेर टाक. घरातून वढून काढली त मंग येईन कोन?” मोळीपासून चांगलं लांब जाळं लावायचं आणि चरायला बाहेर पडलेली मासोळी धरायची. जाळं कमी फाटतं हा एक फायदा होताच, पण त्यांच्या डोक्यात मुख्य गोष्ट दुसरी होती. काट्यातली मासोळी त्यांनी ठेव मानली होती.

मासे जमवणं आणि मासे वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढे मच्छीमार सोसायटीच्या कामात पडल्यावर नीट कळलं. कटला, रोहू, मृगळ ही जात साठल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिला पावसाळ्यातल्या नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. काट्या टाकल्या म्हणून कटला एकानंही वाढणार नाही, फक्त सापडायला सोपा होईल. खवल्या, मरळ, शिंगी यांचं वेगळं. ही आपली गावठी मासोळी इथंच वीण करते आणि तिच्या पिल्लांना आडोसा मिळाला तर ती खरोखर वाढते. सभेत हा फरक मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण सगळं गणित त्यावर आहे. आडोशाभोवतीचे मासे सहा महिन्यांत काढून घेतले तर पहिल्या वर्षी टोपल्या भरतात, आणि पुढच्या वर्षी लहान भोयाच्या हाती काही लागत नाही.

समुद्र मी पाहिला तो मालवणला. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. दोरीच्या दोन टोकांना माणसं, आणि जाळं किनाऱ्याकडे येतं तसतशी दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. ज्यांनी दोरी धरली त्यांना वाटा. एका म्हाताऱ्या रापणकाराला मी आमच्या काट्यांचं सांगितलं, तर त्यानं खोल समुद्राकडे हात केला. “थंय लाईट लावतत. मासो येता, पण तो येता खंयसून? आमच्याच दर्यातलो ना!” तो एलईडी दिव्यांच्या मासेमारीविषयी बोलत होता. जनरेटरवर झगझगीत दिवे लावले की उजेडाकडे आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. मग पर्ससीन जाळ्यानं सगळा थवा घेरायचा. केंद्र सरकारनं 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. त्याआधी 2016 मध्ये राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले, 2021 मध्ये 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. तरी सिंधुदुर्गातला हा संघर्ष मिटलेला नाही. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मला धरणावर परत आल्यावरही सोडेना.

कर्नाटकच्या किनाऱ्यावरची गोष्ट तर जीव कळवळावा अशी. माकुल (कटलफिश) जमवण्यासाठी तिथं सुरूच्या फांद्या, नारळाच्या झावळ्या वाळूच्या पोत्यांना बांधून समुद्रात सोडत. माकुलीला अंडी चिकटवायला असाच आधार लागतो. द्राक्षांच्या घोसासारखी तिची अंडी त्या फांद्यांना लोंबतात. आणि ती अंडी घालायला आली की वरून गळ पडायचा. विणीला आलेली मादीच धरायची, आणि फांद्या वर ओढल्या की अंडीही गेली. शास्त्रज्ञांनी यावर सावध केलं, मच्छीमारांमध्येच भांडणं झाली.

मालदीवमध्ये हीच युक्ती लोकांच्या उपयोगी पडली आहे. तिथं सरकारच बेटांभोवती नांगरलेले तरंगते सांगाडे ठेवतं. त्यांच्याखाली कुपा (ट्यूना) जमतो. होडीवाले एकेका गळकाठीनं मासे काढतात आणि कुठल्याही होडीला तिथं जायला मोकळीक असते. लहान होडीला मासे शोधत फिरण्याचं डिझेल वाचतं. सांगाडा तसाच, फांदी तशीच. फरक पडतो तो सांगाडा कोणाचा आणि त्याच्याभोवती कोणतं जाळं टाकायचं, यानं.

आपल्या विदर्भातही मासोळीच्या आडोशावर चांगलं काम झालं आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढिवर समाजानं, मनीष राजनकर यांच्या संस्थेच्या सोबतीनं, बेशरमाची झुडपं उपटून काढली आणि तलावाच्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती मासोळी कोणत्या वनस्पतीत चरते आणि अंडी घालते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्या माहितीला तिथं मान मिळाला. जिवंत वनस्पती कुजत नाही, दरवर्षी आपोआप वाढते. बाभळीच्या मोळीपेक्षा हा आडोसा कधीही सरस, असं माझं मत आहे.

पण आमच्या धरणाची अडचण वेगळी. रब्बीला पाणी सुटतं, प्यायलाही पाणी जातं आणि होळीपर्यंत काठ कितीतरी आत सरकतो. काठाची वनस्पती वाळते, मोळ्या उघड्या पडतात आणि त्यात अडकलेली पिल्लं पोरं हातानं वेचतात. म्हणून आम्ही आता बांबूचा तरंगता चौकोन करून पाहतो आहोत. कडेला रिकामे डबे, खाली सोडलेल्या काट्या आणि दगडाला बांधलेली लांब दोरी. पाणी उतरलं की चौकोनही उतरतो. दोरी मात्र पाहत राहावी लागते. पाणी कमी झाल्यावर ती ढिली पडते आणि वाऱ्यानं चौकोन काठाला लागतो, तेव्हा कोणीतरी तराफ्यावर जाऊन ती आखडायची.

सभासदांनी नियम मान्य केले आहेत. चौकोनापासून चाळीस हातांच्या आत जाळं नाही. पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत तिकडे तराफाही न्यायचा नाही. बारीक डोळ्याचं जाळं कोणाकडे सापडलं तर ते सोसायटीत जमा. दोरी पाहायची पाळी घरागणिक लावली आहे, आणि ज्या घरात तराफ्यावर जाणारं माणूस नाही त्या विधवा बायांना पाळीतून सूट, वाट्यातून नाही. यावर बराच वाद झाला, पण मी हटलो नाही. वरच्या अंगाची गावं अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, चौकोन आमच्या बाजूला म्हणजे मासोळी आमच्या बाजूला. ते खोटं नाही. दुसरा चौकोन त्यांच्या काठाला टाकायचा आणि बांबूचा खर्च निम्मा-निम्मा, असं मी सुचवलं आहे. दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे.