लवकर पोचाल तर हराल!

रॅली म्हटलं की धूळ, स्पीड आणि थ्रिल! पण आम्ही चार भिवंडीकर ज्या रॅलीत उतरलो, तिचा फंडा एकदम उलटा निघाला...

भिवंडी म्हटलं की लोकांना आधी लूम आठवतात, मग गोडाऊन आणि मग ट्रॅफिक. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाइल बहुधा आमच्याच एखाद्या गोडाऊनमधून निघतो आणि अंजूरफाट्याला अडकतो. अशा गावातली चार पोरं कार रॅलीत उतरणार म्हटल्यावर ऑफिसमधले हसणारच. ‘बॉस, तुमच्याकडे घरून निघून वेळेत स्टेशन गाठणं हीच रॅली!’

हसा लेको. पण १९६८ साली लंडन-सिडनी मॅरेथॉन नावाची एक सॉलिड रॅली झाली होती. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या आणि काबूल, दिल्ली करत इंदूरमार्गे मुंबईला आल्या. आता इंदूरहून मुंबई म्हणजे आग्रा रोड, आणि तेव्हाचा आग्रा रोड म्हणजे आमची भिवंडी! मुंबईपर्यंत ७२ गाड्या टिकल्या आणि इथून ‘चुसान’ जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. सिडनी हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा लुसियन बियांकीच्या टीमची सिट्रोएन सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात समोरून एक मिनी आली. टक्कर, खेळ खलास. जिंकली अँड्र्यू कॉवनची साधीसुधी हिलमन हंटर.

ही गोष्ट मी आमच्या टीमला मुद्दाम सांगितली होती. टीम अशी : स्टिअरिंगवर गोडाऊनवाला, म्हणजे एका वेअरहाउसमधला शिफ्ट मॅनेजर. मागे लूमवाला, घरचे बारा लूम. त्याच्या शेजारी सीए, ज्याचा शेवटचा ग्रुप अजून निघायचाय. आणि नॅव्हिगेटर मी. गाडी गोडाऊनवाल्याची, आठ वर्षं जुनी हॅचबॅक.

गोष्ट मुद्दाम सांगण्याचं कारण गोडाऊनवालाच होता. नाइट शिफ्ट सुटली की बायपासवर पैजा लागायच्या, माणकोली ते पडघा किती मिनिटांत? पठ्ठ्या बहुतेक वेळा जिंकायचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गल्लीतला एकवीस वर्षांचा पोरगा अशाच एका पैजेत बाइकसकट गेला. तेव्हापासून काकूंनी, म्हणजे गोडाऊनवाल्याच्या आईनं, गाडीची चावी देवघरात ठेवायला सुरुवात केली. कामाला जाताना मागायची, आल्यावर परत द्यायची. तिशीतला माणूस, पण यावर घरात कुणी एक शब्द काढत नव्हतं.

त्यामुळे खऱ्या स्टेज रॅलीचं नाव काढायची सोय नव्हती. तशीही ती आपल्या पगारात बसत नाही. स्टेज रॅली म्हणजे बंद रस्त्यावरची शर्यत. ‘स्पेशल स्टेज’ नावाचा तुकडा वाहतुकीला बंद करतात आणि गाड्या ठरावीक अंतरानं एकेक करून सोडतात. गाडीत लोखंडी रोल केज, डोक्यावर हेल्मेट. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर आधीच रस्ता पाहून लिहिलेल्या पेस नोट्स वाचून दाखवत असतो. आपल्या नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, एकदा तरी बघाव्यात अशाच.

आम्हाला परवडली ती टीएसडी, म्हणजेच टाइम, स्पीड, डिस्टन्स. रस्ता रोजचा, गाडी रोजची, नियमही रोजचेच. हातात मिळतं रोडबुक. त्यात प्रत्येक वळणाचं बारकं चित्र असतं. हॉलंडच्या ट्युलिप रॅलीवरून या चित्रांना ‘ट्युलिप’च म्हणतात. सोबत एक तक्ता : इथपर्यंत सरासरी ३६, तिथून पुढे ४०. मार्शल कुठे बसलेत ते गुपित. उशिरा पोचलात तर पेनल्टी. आणि लवकर पोचलात तर बहुतेक ठिकाणी त्याहूनही जास्त!

काकूंना पटवायला मीच गेलो.

‘रेस आहे ना रे?’

‘नाही काकू, यात लवकर पोचलं तर मार्क कापतात.’

‘मग याला काय जमणार!’ असं म्हणून त्यांनी चावी काढून दिली. माझ्या हातात, त्याच्या नाही.

सप्टेंबरातला रविवार, भातखाचरं हिरवीगार, रस्ते नेहमीसारखे चाळण. गाड्या एकेका मिनिटाच्या अंतरानं सुटल्या. सुरुवातीला आयोजकांनी मोजून दिलेल्या तुकड्यावर आपला मीटर ताडून बघायचा असतो. आमचा मीटर दहा किलोमीटरला दोनशे मीटर जास्त दाखवत होता. सीएनं आर्टिकलशिपचं सगळं ज्ञान पणाला लावून नवा तक्ता बनवला. ३६ ची सरासरी म्हणजे सेकंदाला १० मीटर, मिनिटाला ६००. मी आकडे ओरडायचे, गोडाऊनवाल्यानं पाय सांभाळायचा.

खरा हीरो ठरला लूमवाला. बारा लूम धडधडत असताना एकाचा ठोका चुकला तरी याला लांबून कळतं. इथं तो डोळे मिटून बसायचा आणि इंजिनचा आवाज जरा चढला की म्हणायचा, ‘भाई, वाढतंय.’ मी मीटर बघायचो तर खरंच ३९!

अंबाडीच्या पुढे मात्र एक ट्रक खड्ड्यात बसला आणि आमची पाच मिनिटं गेली. पाच मिनिटं म्हणजे तीन किलोमीटर. हिशोब सोपा होता : ४५ नं वीस मिनिटं चालवलं तर भरपाई होते. पुढे रस्ता सरळ, रिकामा, चक्क बरा. काटा ५५ वर गेला. मग ६५. मग ७०.

‘४५,’ मी म्हणालो. उत्तर नाही. त्याचा चेहरा बायपासवरचा झाला होता.

‘भाई, ठोका चुकतोय,’ लूमवाला मागून हळूच म्हणाला.

दोन-तीन सेकंद गाडीत कुणीच बोललं नाही. मग काटा खाली आला. ६०, ५०, ४५. पुढे दाट झाडीतलं आंधळं वळण होतं. आम्ही ते सावकाश घेतलं. पलीकडे काय होतं? काहीच नाही. ना माणूस, ना बकरी. नुसता ओला रस्ता.

पण वळण घेईपर्यंत हे कुणाला माहीत होतं? स्टेज रॅलीत रस्ता बंद असतो, मार्शल उभे असतात, तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या मार्गावर एक मोटरसायकल आली. तिच्यावरचे आई, बाप आणि मुलगा तिघंही गेले. रॅली रद्द झाली. तिथं जे होऊ शकतं, ते आपल्या बायपासवर रात्री दोन वाजता होणार नाही, असं कुठल्या भरवशावर म्हणायचं?

आमचा नंबर लागला मधलाच. शेवटच्या टप्प्यात दोन मिनिटं उशीर. संध्याकाळी काकूंनी दारातच विचारलं, ‘किती लवकर पोचलात?’

‘दोन मिनिटं उशिरा, काकू.’

‘मग बरं,’ म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चावी हल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असते. पैजा बंद आहेत. त्यावरही घरात कुणी एक शब्द काढत नाही.

गोडाऊनवाल्याला आता मोठी स्वप्नं पडतायत. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये सौदी अरेबियात डकार क्लासिकला उतरले, तेव्हापासून त्याचं तेच चालू आहे. मी त्याला एवढंच सांगतो की, बाबा रे, तिथंही जुन्या गाड्या दिलेली सरासरी किती नेमकी पाळतात यावरच मार्क असतात. म्हणजे लूमवाला लागणारच!

तुम्हालाही हा किडा चावलाय? एक धडकी गाडी, लायसन्स, इन्शुरन्स आणि पीयूसीचे कागद, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि ज्याचं ऐकायची तुमची तयारी आहे असा एक मित्र, एवढं पुरे. आणि स्वतः नॅव्हिगेटर होणार असाल तर निघायच्या आधी ॲव्होमिनची गोळी घ्या. तासन् तास मान खाली घालून आकडे वाचत राहिलं की पोटात जे काही ढवळतं, ते कुठल्याच रोडबुकात लिहिलेलं नसतं!