कंपासपेटीतली पाच पिल्ले

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हाला ‘विद्यालयाची वाटचाल’ हा विषय सुचविला होता. इमारती, निकालाची टक्केवारी आणि देणगीदार यांविषयी इतर सहकारी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहितील. आम्ही लिहीत आहोत ते कोठीघराविषयी, आणि तेथे आमच्या हातून घडलेल्या एका गोष्टीविषयी.

वसतिगृहाच्या कोठीची देखरेख त्या वर्षी आमच्याकडे होती. पावसाळ्यात उंदरांनी तांदळाची पोती कुरतडली, तूरडाळीत लेंड्या सापडू लागल्या. धान्य मुलांच्या ताटात जाणार. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे तर विज्ञानाच्या शिक्षकांनी बैठकीतच बजावले होते. अधीक्षकांनी विचारले, आम्ही होकार दिला आणि बाजारातून विषाच्या वड्या आणून आम्ही स्वतः त्या भिंतीकडेने मांडल्या. पहिल्या शीलाचा विचार मनात आला नाही, असे नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. तत्त्व माणसाला विचार करण्याची मुभा देते. आम्ही मुभा घेतली. विचार किती केला, हा प्रश्न वेगळा.

या वड्या उंदराला जागीच मारीत नाहीत. रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि जीव तीन-चार दिवसांनी जातो. पाचव्या दिवशी सहावीतला एक मुलगा आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. जूनमध्येच दाखल झालेला, अबोल. आई त्याच उन्हाळ्यात गेलेली. मामाने आणून सोडला होता. त्याने कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या जागी कापसावर पाच पिल्ले होती. डोळे मिटलेले, कातडी गुलाबी, पाठीवर लव येऊ लागलेली. कोठीमागच्या गोणपाटाच्या ढिगात ती सापडली होती आणि शेजारीच आई मरून पडली होती.

“सर, ती तुमच्या औषधानं मेली का?”

आम्ही म्हणालो, “आधी यांना ऊब देऊ.” ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि आम्हालाही.

ऊब आधी, हे मात्र खरे होते. घरउंदराचे पिल्लू जन्मतः जेमतेम एक ग्रॅमचे असते. स्वतःची उष्णता त्याला राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही आणि तेच जिवावर बेतते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही फोन केला. ते प्रथम हसले, मग नीट सांगू लागले. काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या मोज्यात घालावी व खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडले तर पिल्लांना सरकायला जागा राहते. अंग कोमट झाल्यावर पहिल्यांदा जलसंजीवनीचे थेंब. गाईचे दूध नको, त्याने पोट फुगते व हगवण लागते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर पातळ करून द्यावी. ती दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून एस. टी.ने आली.

पाजायचे कशाने, हा प्रश्न त्या मुलानेच सोडविला. चित्रकलेच्या तासाचा शून्य नंबरचा ब्रश दुधात बुडवून तो पिल्लाच्या ओठांना लावायचा. पिल्लू केसांवरचा थेंब चाटून घेते. पिल्लाला उताणे धरायचे नाही, दूध नाकात जाते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पोट भरले की कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. तो पट्टा पाहण्यासाठी मुले रांग लावू लागली, तेव्हा आम्हाला रबरी हातमोज्यांचा आणि साबणाचा नियम करावा लागला. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचे, कारण आईने चाटल्याशिवाय या वयात पिल्लांना लघवीही होत नाही. वर्गातली दांडगी मुले हे काम ज्या गांभीर्याने करीत, ते गणिताच्या तासाला कधी दिसले नाही.

दोन पिल्ले पहिल्या दोन रात्रींतच गेली. तिसरे आमच्या हातून गेले. पहाटे तीनच्या पाळीला आम्ही पेंगत होतो. ब्रशवर दूध जास्त होते, ते नाकातून बाहेर आले. छातीत घरघर सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत ते संपले. मुलाने विचारण्याआधीच या वेळी आम्ही सांगून टाकले. त्याच दमात पहिल्या प्रश्नाचे उत्तरही दिले: हो, तुझी शंका बरोबर होती, वड्या आम्ही ठेवल्या होत्या. तो काही बोलला नाही. रात्री अकराच्या पाळीला मात्र वेळेवर आला आणि तीनच्या पाळीलाही आम्हाला न उठविता आला.

त्या जागरणांत आम्हाला आमची आजी आठवे. सुगी संपली की ती सरवा वेचायला जाई आणि सरवाही संपला की शेतातली उंदरांची बिळे उकरी. बिळात साठविलेली कणसे काढून आणायची, झोडपून त्यांची भाकरी करायची. आजी म्हणे, “पाटलाच्या आधी आपल्याला उंदरानं पोसलं.” बीळ पुरते रिकामे ती कधी करीत नसे, मूठभर कणसे आत लोटून वरून माती ढकली. हे आम्ही त्या मुलाला सांगितले. “मग तुम्ही वड्या का ठेवल्या?” असे तो विचारील, असे वाटले होते. त्याने विचारले ते वेगळेच: भाकरी कशी लागायची?

दहाव्या दिवशी एक सहकारी वैतागून म्हणाले, “सर, प्लेगाचा धडा तुम्हीच शिकविता ना?” शिकवितो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला. उंदरावरच्या पिसवांमधून तो पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. त्या साथीत लोक घरे सोडून पळत असताना मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तो धडा आम्हाला पाठ आहे, म्हणूनच हातमोजे होते. सहकाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणालो. त्यांनी मान डोलाविली, पण त्यांचे समाधान झाले नसावे.

उरलेल्या दोघांचे डोळे पुढच्याच आठवड्यात उघडले. तीन आठवड्यांची झाल्यावर ती दाणे कुरतडू लागली आणि त्यांना हातात घेणे आम्ही बंद केले. माणसाची सवय झालेला उंदीर बाहेर फार दिवस टिकत नाही. मुलांना हा नियम सर्वांत जड गेला. दरम्यान कोणीतरी जखमी चिचुंद्री आणून ठेवली. ती उंदराच्या जातीची नाही, किडे खाते, हे समजावण्यात एक तास गेला आणि ती दुधाला तोंड न लावता रात्रीतून खोक्याबाहेर निघून गेली.

कोठीत आता झाकणाच्या पत्र्याच्या टाक्या आहेत, झरोक्यांना बारीक जाळी आहे, बिळे काचेचा चुरा व सिमेंट घालून बुजविली आहेत. हे आधीच करता आले असते. खर्चाचा कागद आमच्याच टेबलावर दोन महिने पडून होता. उरलेल्या वड्या कपाटात आहेत, किल्ली आमच्याकडे आहे. पुन्हा कधी लागणारच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही.

दोन्ही उंदीर आम्ही ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत सोडले, शेतांपासून लांब. मुलाने खोके आडवे केले. एक तत्काळ गवतात शिरला. दुसरा खोक्याच्या काठाशी बसून राहिला, मिशा हलवीत. विद्यालयाकडून सायंवंदनेची घंटा ऐकू आली.

“सर, तुम्ही व्हा पुढं. हा गेला की येतो.”

वंदना सुरू झाली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. अधीक्षकांनी हजेरीपट आमच्यापुढे धरून त्याच्या नावावर बोट ठेवले. “हजर मांडा,” आम्ही म्हणालो.