वाफेचे यंत्र घरात आणावे काय?

झाडलोट, धुणे आणि पुसणे हे विषय निबंधास शोभणारे नाहीत, असे कोणी म्हणेल. परंतु संसारातील पुष्कळसा विवेक अशाच लहान प्रश्नांवर खर्च होत असतो, आणि तो नीट खर्च झाला की घरात सुख नांदते. गेले दोन महिने आमच्या बेसा येथील घरात असाच एक प्रश्न चर्चेस आला आहे. वाफेच्या झोताने साफसफाई करणारे जे यंत्र बाजारात ‘स्टीम क्लीनर’ या नावाने मिळते, ते घ्यावे की न घ्यावे?

प्रश्न काढला सूनबाईंनी, आणि त्यामागे हौस नव्हती. आमच्या सहा वर्षांच्या नातवास बाळदम्याची व्यथा आहे. पावसाळा लागला की रात्री त्याची छाती वाजू लागते, आणि मग घरातील चार मोठी माणसे उशाशी बसून त्याचे श्वास मोजीत राहतात. औषध चालू आहेच. पण धूळ, ओल आणि उग्र वासाची रसायने यांपासून मुलास जपा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. वाफेने गाद्या, पडदे, फरशी सारे काही निर्जंतुक होते आणि रसायनाचा थेंबही लागत नाही, असे सूनबाईंच्या वाचनात आले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, पैशांचा विचार करू नका.” मुलगा असे म्हणतो त्या वेळी बापाने पैशांचा अधिकच विचार करावा, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. शिवाय येथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणास लागलेली होती. खर्च झाला आणि मुलाचा श्वास तसाच राहिला, तर पैसे गेल्याचे दुःख नाही. पण उपाय केला या समाधानात खरा उपाय राहून जाईल, ही भीती खरी.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आला आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज मानू नयेत, आणि मी त्या मानीत नाही. तथापि या प्रकरणातील विचाराची पद्धत मला मोठी शहाणपणाची वाटते. तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी, ज्याला जे योग्य असेल त्याने करावी. घराची शुद्धी झाडण्याने व सारवण्याने करावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सर्व मळांवर चालणारे एकच औषध तेथे सांगितलेले नाही. आमच्या आज्या हेच आचरीत होत्या. तेलकट भांड्यास राख, कारण राखेतील क्षार तेलास सोडवितो. पितळेच्या तांब्यास चिंच, कारण तिच्यातील आम्ल काळवंडलेला थर काढते. तेव्हा यंत्राचे गुण वाचण्याआधी आपल्या घरात मळ कोणकोणते आहेत, याची मोजदाद करावी, असे मी ठरविले.

आमच्या घरातील मळ चार प्रकारचे निघाले. पहिली धूळ. बेसा हे एके काळी नागपूरच्या दक्षिणेस शेतांमध्ये वसलेले गाव. आता मनीषनगरकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोहों बाजूंस इमारती उभ्या राहिल्या आहेत व अजून राहत आहेत. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीची धूळ आणि बांधकामांच्या सिमेंटची धूळ यांचा असा संगम होतो की, सकाळी पुसलेल्या मेजावर दुपारी बोटाने नाव लिहावे. दुसरा मळ स्वयंपाकघरातील चिकट तेलाचा. तिसरा बोअरच्या जड पाण्याने नळांवर व न्हाणीघरातील फरशीवर चढणारा पांढरा थर. आणि चौथा डोळ्यांस न दिसणारा, गाद्या-उशांतील सूक्ष्म कीटकांचा. हे कीटक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेने अनेक दमेकऱ्यांचा श्वास बिघडतो.

आता वाफेचे सामर्थ्य पाहू. आपल्याकडे शरीरासाठी वाफेचा उपयोग फार जुना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. वस्तूंच्या शुद्धीसाठी वाफेची योग्यता शास्त्रीय रीतीने दाखविली ती जर्मनीत रॉबर्ट कॉख व त्यांचे सहकारी यांनी, १८८१ साली. कोरड्या गरम हवेपेक्षा वाफ जंतूंचा नाश फार लवकर करते, हे त्यांनी सिद्ध केले. याचे मुख्य कारण वाफेतील गुप्त उष्णता. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी लागतात, पण शंभर अंशांवरील त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी खर्चाव्या लागतात. आणि वाफ गार वस्तूवर पडून तिचे पुन्हा पाणी झाले की ही सर्व उष्णता ती त्या वस्तूस देऊन टाकते. चिकटलेले तेल वितळते ते यामुळे, आणि वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून भयंकर असतो तोही यामुळेच. विजेचा खर्च म्हणाल तर तो फारसा नाही. पंधराशे वॉटच्या यंत्रात एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे अर्धा तास लागतो व पाऊण युनिट वीज जळते.

परंतु वाफ तोंडातून बाहेर पडली की हवेत मिसळून झपाट्याने निवते. झोत जवळ धरून एका जागी काही क्षण थांबविला तरच काम होते. घाईने फिरवीत गेले तर फक्त ओल मागे उरते. शिवाय वाफ मळ सैल करते, उचलून नेत नाही. तो फडक्यानेच टिपावा लागतो.

या कसोटीवर गाद्यांचा प्रश्न प्रथम घेतला, कारण नातवासाठी तोच महत्त्वाचा. गादीतील कीटक पाणी पीत नाहीत. हवेतील ओलावा शोषून ते जगतात. हवा कोरडी झाली की ते सुकून मरतात, आणि ५५ ते ६० अंशांची उष्णता त्यांस सोसत नाही. आता नागपूरच्या वैशाखाची आठवण करा. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. गच्चीवर अनवाणी पाऊल टाकता येत नाही आणि हवेत ओलाव्याचे नाव नसते. त्या दिवसांत गादी गच्चीवर टाकून दुपारभर उलटीसुलटी केली की सूर्यनारायण विनामूल्य सेवा करतात. उलट श्रावण-भाद्रपदात, जेव्हा कीटक बळावतात व मुलाची छाती वाजते, तेव्हा वाफ दिलेली गादी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि आत राहिलेल्या ओलीवर कीटक व बुरशी दोन्ही पोसतात. म्हणजे गादी वाळू शकते त्या ऋतूत यंत्राची गरज नाही, आणि गरज भासते त्या ऋतूत गादी वाळत नाही. त्यातून मेलेले कीटक व त्यांची विष्ठा आतच राहते ती निराळीच. तेव्हा गाद्यांसाठी घट्ट विणीच्या खोळी आणि दर आठवड्यास चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणे, हा साधा मार्ग ठरला. सूनबाईंचा मुख्य हेतू यंत्रावाचून साधणार, असे दिसू लागले.

येथेच हा विषय संपला असता. पण आमच्याकडे दहा वर्षे कामास असलेल्या बाईंच्या कानावर ही चर्चा गेली होती. फरशी पुसता पुसता त्यांनी विचारले, “का जी गुरुजी, मशीन आली म्हणजे माहं काम सुटते का?” मी नाही म्हणालो, पण त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. त्या रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्ही मनूला विचारलेत, चरकाला विचारलेत, ज्यांच्या हातात ते यंत्र जाणार त्यांना कधी विचारणार?” आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती माझ्या मोजदादीत नव्हती. न्हाणीघरातील पांढरा थर काढण्यासाठी आठवड्यातून एकदा ॲसिड ओतले जाते. त्या वेळी बाई नाकाला पदर लावून खोकत असतात, आणि तोच धूर दाराच्या फटीतून नातवाच्या खोलीत जातो. त्यात चुकून ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीनसारखा विषारी वायू निर्माण होतो, तो प्राणावर बेतू शकतो.

तेव्हा धरमपेठेतील एका आप्तांकडे माळ्यावर पडलेले लहान यंत्र एका रविवारी मागून आणले आणि ते घरातील तिघी बायकांच्या हाती दिले. परीक्षा अशी झाली. शेगडीमागील फरशीवरचे हळदीतेलाचे डाग लोण्यासारखे सुटले. फरश्यांच्या सांध्यांतील काळा मळ निघाला. धुळीच्या फरशीवर मात्र चिखलाच्या रेघा उमटल्या. नळावरचा पांढरा थर वाफेस मुळीच दाद देईना. त्यावर अर्धे लिंबू चोळून थोडा वेळ ठेवले, तेव्हा तो निघाला. आम्लाचे काम आम्लानेच केले, पण तीव्र ॲसिडाचे काम लिंबाने भागले. बाईंचा अभिप्राय सर्वांत मोलाचा होता. “वासाचा तरास नाही जी, पण हात जपा लागते,” असे त्या म्हणाल्या.

निर्णय येणेप्रमाणे झाला. चाकांवरचे मोठे यंत्र घ्यावयाचे नाही. हातात धरण्याजोगे लहान यंत्र घ्यावयाचे, आणि ते स्वयंपाकघर व न्हाणीघर यांपुरतेच. ॲसिडची बाटली घरातून कायमची बाहेर. यंत्रात बोअरचे पाणी घालावयाचे नाही, कारण नळावर चढतो तोच थर आतही चढून वाफेचा मार्ग बंद होईल; गाळणयंत्राचे क्षार काढलेले पाणी वापरावयाचे. पॉलिश केलेले लाकूड, रंगाच्या भिंती आणि विजेची बटणे यांजवळ वाफ न्यावयाची नाही. नातू घरात हिंडत असता यंत्र चालवावयाचे नाही, आणि ते पुरते निवाल्यावाचून झाकण उघडावयाचे नाही. गाद्या वैशाखाच्या स्वाधीन. आणि शेवटचे कलम सौभाग्यवतींनी घातले: यंत्रामुळे बाईंचा जो वेळ वाचेल तो बाईंचा, पगारातून एक पैसाही कमी व्हावयाचा नाही.

धूळ मात्र ओल्या फडक्याची व झाडूचीच राहिली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) आमच्या विदर्भाचेच. गावात पाऊल टाकताच ते प्रथम झाडू हाती घेत, आणि मग कीर्तनास उभे राहत. सकाळी पुस्तकांची कपाटे ओल्या फडक्याने पुसण्याचे काम आता मी माझ्याकडे घेतले आहे. ज्या पाठीस वाकावे लागते, ज्या छातीत धूर जातो, त्यांचा भार जेवढा हलका होईल तेवढीच कोणत्याही यंत्राची खरी किंमत. दुकानातील चिठ्ठीवर ती छापलेली नसते. घरातील माणसांस विचारूनच ती कळते.