तिथीची पाऊणपट

धुळवडीच्या दिवशी हार्बरच्या गाडीत बसायचं म्हणजे खिडक्यांच्या लोखंडी झडपा खाली ओढून, अर्धवट अंधारात, घाम आणि गुलाल यांच्या मिसळलेल्या वासात बसायचं. रुळांलगतच्या वस्त्यांतून पाण्याचे फुगे येऊन पत्र्यावर फटाफट फुटत आणि दारात उभं राहणाऱ्याची काही धडगत नसे. १९९९ सालच्या अशाच एका धुळवडीला मी चेंबूरहून शिवडीला निघालो होतो, एकटा. खांद्याला शबनम, तीत आईने बांधून दिलेला आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांचा डबा, आणि शेजारच्या काकांकडून मागून आणलेली दुर्बीण. काकांनी बोटीवर नोकरीला असताना घेतलेली, हातात घेतली की मनगट दुखावं इतकी जड; तिची चामड्याची पेटी उघडली की बुरशी, तेल आणि जुन्या कपाटाचा असा एक वास यायचा, जो मला आजही झोपेतून उठवला तरी ओळखू येईल.

खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी येतात, एवढंच त्यात लिहिलेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ते तिथे दिसू लागले होते, पण आमच्या ऑफिसात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मीही कुणाला सांगितलं नाही. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं; अभ्यास, आजारपण, रडणं, रुसणं सगळं चारचौघांत व्हायचं, आणि तेवीस वर्षांचा होईपर्यंत एक अख्खा दिवस मी कधी एकट्याने घालवलेला नव्हता. पक्षी बघायचे होते हे खरं, पण त्याहून जास्त मला तो दिवस हवा होता.

शिवडीला पूर्वेला उतरलं की तेव्हा ट्रकांच्या रांगा, तेलाच्या टाक्या, काळ्या धुळीने माखलेली झाडं, आणि मग अचानक धक्का. सुट्टीमुळे सगळं सामसूम. दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या बोटींचा डांबराचा, गंजाचा वास उन्हात तापून वर येत होता. घड्याळात बारा वाजत आले होते, आणि समोर, क्षितिजापर्यंत, नुसतं पाणी! तपकिरी, जाड, धक्क्याच्या दगडांवर चुबुक चुबुक आदळणारं पाणी. पक्षी म्हणावा तर एक घार. मी दुर्बीण लावून पार त्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि घशात आवंढा आला. एका बार्जवर भात शिजवत बसलेला खलाशी माझ्याकडे बघत होता. त्याने हातातल्या पळीनेच पाण्याकडे खूण केली, "उतरने दो."

म्हणून मी थांबलो. बोटीच्या सावलीत बसून तुपाने थिजलेली पुरणपोळी खाल्ली. वाचायला काही आणलं नव्हतं, बोलायला कुणी नव्हतं, आणि पहिला तासभर तर त्या मोकळेपणाचं काय करावं हेच कळेना. मग हळूहळू डोळे खालच्या पायरीवर स्थिरावले: एक ओली रेघ उघडी पडली, मग दुसरी. दोनच्या पुढे धक्क्याखालचा चिखल वर आला, गुळगुळीत, करडा, कुजक्या अंड्याच्या वासाचा, आणि त्यातून बारीक चरचर आवाज येऊ लागला, जसे लाखभर बुडबुडे एकाच वेळी फुटत असावेत. बोटाएवढी निवटी पुढच्या परांवर रेलून बाहेर आली, फुगीर डोळे फिरवून तिने माझा अंदाज घेतला आणि टुणकन उडी मारून आपल्या डबक्यात गेली. इवलाले खेकडे बिळांच्या तोंडाशी येऊन एकच मोठी नांगी वर-खाली करत होती. या चिखलाला मी आयुष्यभर नाक धरून गाडीतून बघितलं होतं.

आणि साडेतीनच्या सुमारास ते आले. आधी लांबवर एक फिकट रेघ, मग ती रेघ तुटून ठिपके, मग ठिपक्यांना पाय आणि माना. पाणी मागे सरेल तसे ते उघड्या चिखलाच्या कडेकडेने चालत येत होते, मान खाली, चोच चक्क उलटी, वरचा जबडा खाली आणि खालचा वर, अशी चिखलात फिरवत. दुर्बिणीत एका पक्ष्याचा गळा भरभर हलताना दिसला. पाणी आत घ्यायचं, चोचीतल्या चाळणीतून गाळायचं, शेवाळ ठेवायचं, पाणी सोडायचं. त्या शेवाळातूनच त्यांच्या पिसांना तो गुलाबी रंग चढतो, हे मी पुढे वाचलं. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ, आणि त्यातून हा रंग! पण त्या दिवशी माझ्या मनात राहिला तो त्यांचा आवाज. हजारो पक्षी एका सुरात हळूहळू बडबडत होते, दूरच्या मांडवात जेवणावळ बसलेली असावी तसे. मग कशाने तरी बिचकून एक थवा उठला, आणि इतका वेळ फिके दिसणारे पंख आतून लालबुंद आणि काळे उघडले. त्या दिवशी मुंबईत उधळलेला सगळा रंग मला त्या एका क्षणापुढे फिका वाटला.

दुसऱ्या दिवशी दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशीला आईने हे सगळं कौतुकाने सांगितलं. पाटीवरचा ओला फडका सारत ती म्हणाली, "आरं बाला, खाडीवर जायाचं तं घड्याल कशाला बगतोस, तिथी बग." आणि तिने हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. मी नेमका पुनवेच्या तोंडावर, ऐन भरतीला धक्क्यावर जाऊन उभा राहिलो होतो. तेव्हापासून आमच्या भिंतीवरचं पंचांग उपासतापासांखेरीज आणखी एका कामाला आलं.

पुढे वर्षं गेली. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी केली, २०१५ साली ठाणे खाडी रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ साली तिथला सुमारे ६५ चौरस किलोमीटरचा पट्टा रामसर स्थळांच्या यादीत गेला. आणि १२ जानेवारी २०२४ला शिवडीच्या त्याच चिखलावरून जाणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. मी त्यावरून मुलाच्या गाडीतून गेलो. बायकोच्या माहेरची, उरणकडची वाट केवढी सोपी झाली. तिच्या आईच्या आजारपणात तेवढ्यासाठी मी मनोमन हात जोडले. तरी शिवडी सुटेपर्यंत मी मान वळवून खाली काही दिसतं का ते शोधत होतो.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा एकटाच निघालो, यावेळी ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात. तिकीट, नारिंगी जाकिटं, शाळेच्या सहलीतली पोरं, तिवरांमधून काढलेली पायवाट. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वासमुळं बघत मी तिवराचं एक पान उलटं केलं. त्यावर झाडाने बाहेर टाकलेलं मीठ बारीक चमकत होतं. कुणी बघत नाहीसं पाहून बोट लावलं आणि चाटलं. बोटीची वेळ तिथे रोज वेगळी असते, भरतीवर ठरते. त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट, पावणेदहा. आत खाडीत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो. बोट साडेदहाची होती.

ती चालवणारा पोरगा जवळच्याच कोळीवाड्यातला. शेकाट्या, तुतारी, उचाट्या, लांबूनच ओळखून सांगत होता. मी पेटी उघडली. काका गेले त्याला बारा वर्षं झाली. दुर्बीण त्यांनी कधी परत मागितलीच नाही. एका भिंगावर बुरशीची जाळी धरली आहे, पण वास तोच. पोराने ती मागून घेतली, डोळ्यांना लावून बराच वेळ बघितलं.

"धुरकट दिसतंय काका," तो म्हणाला, "पण केवढं जवळ दिसतंय!"

मग त्याने इंजिन बंद केलं. बोट पाण्यावर नुसती डुलत राहिली, शाळेची पोरंही गप्प झाली, आणि तिवरांच्या पलीकडून, अजून न दिसणाऱ्या त्या मांडवातून, जेवणावळीचा आवाज येऊ लागला.