मदत शेतीला की सातबाऱ्याला?

कोरोनाच्या २०२० सालात अमेरिकन सरकारने शेतकरी व पशुपालकांना थेट मदत म्हणून १६ अब्ज डॉलर जाहीर केले. आम्हाला पहिला प्रश्न पडला तो हा: पैसा गेला कोणाच्या खात्यात?

हिशेब पिकाचा आणि जनावरांच्या संख्येचा. ज्याचा गोठा मोठा, त्याची रक्कम मोठी. १९२० मध्ये तिथे नऊ लाखांवर काळे शेतकरी होते. कर्ज नाकारून, जमिनी हिरावून त्यांना पन्नास हजारांच्या आत आणले गेले. २०२१ मध्ये अशा वंचित शेतकऱ्यांसाठी सुमारे ४ अब्जांची कर्जमुक्ती मंजूर झाली, तेव्हा गोरे शेतकरी 'आमच्यावर अन्याय' म्हणत कोर्टात गेले. स्थगिती आली. २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली.

ही ओरड आमच्या ओळखीची आहे. आरक्षण म्हटले की इथेही हीच ऐकू येते.

त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये पीएम-किसानचे दोन हजार रुपये गावातल्या जमीनमालकांच्या खात्यात पडले. त्यांच्याच रानात खुरपणाऱ्या आमच्या आयांना त्यातला रुपयाही नाही, कारण सातबाऱ्यावर नाव नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो उगाच नव्हे.

मदतीला आमचा विरोध नाही. पण जमीन कोणाकडे आणि का, हे न विचारता वाटलेली मदत जुन्याच अन्यायाला खतपाणी घालते.

जय भीम!