पच्चक्खाण आपलं, भूक त्याची



आपल्या घरांत न खाण्याचं कौतुक फार. पर्युषण आलं की कुणाचा तेला, कुणाची अठाई, कुणाचं रोजचं एकासणं. भेटलं की पहिला प्रश्न, "शाता आहे ना?" यंदा मात्र आमच्या घरात दोन जीव एकाच वेळी जेवत नव्हते. एक माझ्या सासूबाई, त्यांची अठाई होती. दुसरा चिकू, आमचा गिनी पिग. आणि न खाणं न खाणं सारखं नसतं, हे मला त्या चार-पाच दिवसांत नीट कळलं.

चिकू विकत आणलेला नाही. शेजारचं भाडेकरू कुटुंब बदली होऊन चांदवड सोडून गेलं, तेव्हा पिंजऱ्यासकट तो आमच्याकडे आला. नावात पिग असलं तरी हा डुकरांतला नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांकडचा, उंदराच्या कुळातला, पूर्ण शाकाहारी प्राणी. सुकं गवत हे त्याचं मुख्य अन्न. कांदा, लसूण, बटाटा त्याला चालत नाही. कांद्याच्या मुलखात राहून कांदा न खाणारं आमचं घर, त्यात हा अगदी शोभला! "हा तर जन्माचा जैन," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गवताची जुडी जशीच्या तशी पडलेली दिसली. एरवी पिशवीचा आवाज आला तरी शिट्टी मारणारा चिकू कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. लेंड्या जेमतेम चार, त्याही बारीक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. आठवड्यापूर्वी ८६० ग्रॅम होतं, ते ७९० भरलं.

माणूस आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर राहू शकतो. गिनी पिगला एक दिवसही उपाशी राहणं झेपत नाही. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते, तिथले सूक्ष्मजीव गवत पचवतात. वरून अन्न येत राहिलं तरच आतडं हलत राहतं. ते थांबलं की वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. त्यामुळे बारा तास तोंडाला काही लावलं नाही, तरी थांबायचं नसतं.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, "एवढ्या लहान प्राण्याचं काम करणाऱ्यांकडे नाशिकला न्या." सकाळीच निघालो. पिंपळगाव, ओझर करत साधारण पासष्ट किलोमीटर, मांडीवर टोपली. तिथे कळलं की दाढा वाढून जिभेला टोचत होत्या. या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजतात, झिजले नाहीत तर असं होतं. भूल देऊन दाढा घासल्या, दुखणं कमी करण्याचं औषध दिलं आणि सांगितलं, "आता तो स्वतः खाईपर्यंत दर तीन-चार तासांनी तुम्ही भरवायचं. रात्रीसुद्धा."

रात्रीसुद्धा! आमच्याकडे चौविहार. सूर्यास्तानंतर चूल बंद. शिवाय पर्युषणात घरात लिलोतरी येत नाही आणि याला तर ढोबळी मिरची, कोथिंबीर हवी. माणसासारखंच गिनी पिगचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच द्यावं लागतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. चौथा उपवास, आवाज खोल गेलेला. त्या म्हणाल्या, "पच्चक्खाण मी घेतलंय, त्यानं नाही. मिरची आण."

दुसऱ्या दिवशी एक ओळखीच्या बाई शाता विचारायला आल्या. चिकूला बघून म्हणाल्या, "कशाला जबरदस्ती करता? चंडकौशिक सर्पानं पण अन्न सोडलंच होतं की. याचाही संथारा समजा." सासूबाई हसल्या. "चंडकौशिकाला भगवंतांनी जागं केलं होतं. त्यानं समजून सोडलं. याची दाढ दुखतेय हो!"

मग रात्री अकरा, दोन आणि पाच. त्याच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून मऊ लापशी करायची. टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसतं धरायचं, उताणं कधीच नाही. सुई नसलेली छोटी सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने आत सरकवायची. थेंब-थेंब द्यायचं, तो चघळून गिळेपर्यंत थांबायचं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. पोट ढोलासारखं ताठ लागलं तर भरवायचं नाही, आधी डॉक्टर. आणि घरातली माणसाची अँटिबायोटिक तर मुळीच नाही. अमॉक्सिसिलिनसारखं साधं वाटणारं औषध पोटातून गेलं तर याच्या जिवावर बेतू शकतं.

दोन वाजताची पाळी सासूबाईंनी मागून घेतली. "मला झोप लागतच नाही," म्हणाल्या. स्वतः पाचव्या उपवासात, आणि हातात सिरिंज घेऊन त्याला पुटपुटत होत्या, "घे रे बाळा, अजून एक."

सातव्या दिवशी सकाळी त्याने कोथिंबिरीची एक काडी ओढली. हळूहळू चावत संपवली. मग दुसरी. लेंड्या पाहून एवढा आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं! वजन भरून यायला दोन आठवडे लागले. दाढा पुन्हा वाढतील, म्हणून ठरावीक दिवसांनी नाशिकची फेरी आता कायमची.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं आणि पाचवा, आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचं अन्नपाणी तोडणं. बैल-गायी सांभाळणाऱ्या श्रावकांसाठी हे सांगितलं असेल, असं मी समजत आले होते. पण पिंजऱ्यातला जीव स्वतः चरायला जाऊ शकत नाही, दुखतं ते सांगू शकत नाही. त्याचं अन्न आपल्या हातातच असतं. तो खात नसेल तेव्हा "त्याची इच्छा" म्हणून बाजूला होणं सोपं आहे. पण तप इच्छेने होतं, आजार इच्छेने होत नाही.

तुमच्या घरी ससा असो, गिनी पिग असो, रोज त्याची लेंडी आणि आठवड्याला वजन बघा. काटा स्वयंपाकघरात असतोच.

सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम्.