नानीच्या डोंगरावरचा पऱ्या

कराडहून चिपळूणला जाताना एसटी कुंभार्ली घाटात शिरली की अम्मी खिडकीची काच सरकवायची. म्हणायची, "माहेरचा वारा आला." यंदा एप्रिलमध्ये मुलांना घेऊन नानीकडे निघाले, तेव्हा मीही काच सरकवली. घाटमाथ्यावर वारा गार होता. तिथून जवळच कोयनेचं अभयारण्य आहे. १९८५ पासून त्याला संरक्षण आहे, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. पण घाट निम्मा उतरलो आणि वारा तापला. समोरून लाकडांनी भरलेले दोन ट्रक धापा टाकत चढत होते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल सरकारी नाही, ते तुमच्या-आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे. नानीच्या घरामागचा डोंगरही तसाच. लहानपणी मी त्यावर ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ ओळखायला शिकले. त्यातून उतरणारा पऱ्या मे महिन्यापर्यंत वाहायचा. नाना त्याच पाण्याने वझू करून फज्रला जायचे.

यंदा पऱ्यात नुसते दगड होते. दारात पाण्याचा टँकर उभा होता.

चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात टँकर! मामू मला डोंगरावर घेऊन गेला. एका जागी जुनी झाडं उरली होती. तिथला पातेरा त्याने पायाने बाजूला केला. खालची माती एप्रिलातही ओलसर होती. दहा पावलांवर, तोड झालेल्या उतारावर, जांभा उघडा पडला होता. पावसाचा थेंब आधी पानांवर फुटतो, मग पातेऱ्यात मुरतो, मुळांच्या वाटेने खाली झिरपतो आणि तेच पाणी महिनोन्‌महिने पऱ्याला पुरतं. झाड गेलं की तोच थेंब मातीवर आपटतो आणि तिला घेऊन वाशिष्ठीत उतरतो.

ती माती आम्ही पाहिली आहे. २०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी चिपळूण पाण्याखाली गेलं. पाऊसच भयंकर होता, त्यात खाडीला भरती, आणि कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्यावरूनही बराच वाद झाला. सगळा दोष तोडीवर टाकणं बरोबर नाही. पण पाणी ओसरल्यावर नानीच्या भाचीच्या घरातून आम्ही घमेल्यांनी जो चिखल काढला, तो काही आभाळातून पडला नव्हता.

कोकणात तोडलेलं झाड पुन्हा फुटतं, म्हणून कुणाला फार वाईट वाटत नाही. मात्र पंधरा-वीस वर्षांनी ते पुन्हा तोडतात. त्याला म्हातारपण येतच नाही. धनेश पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर तिला फळं आणून भरवतो. त्या फळांच्या बिया तो रानभर टाकतो, त्यातून नवी झाडं उगवतात. काठ्यांच्या जंगलात ढोली कुठून येणार?

रात्री जेवताना मी बरंच बोलले. नानी ऐकत होती. मग म्हणाली, "बेटी, तुझ्या निकाहला काय कमी पडलं होतं?"

माझा घास हातातच राहिला. खालच्या उताराची झाडं नानांनी त्याच साली विकली होती. मला ते माहीत होतं, फक्त मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

वरच्या उताराची बोलणी आता झाली होती. मामूच्या मुलाला इंजिनिअरिंगची फी भरायची होती. ठेकेदार जुम्याच्या नमाजनंतर येणार होता. मामूला थांब म्हणायचा मला काय हक्क? फीतली थोडी रक्कम मी देते म्हटलं, ते त्याने आधी ऐकून घेतलं नाही. नानीने डोळे वटारले, तेव्हा घेतली.

शुक्रवारी सकाळी मामू नानीची जुनी ओढणी फाडून चिंध्या घेऊन निघाला. पऱ्याच्या दोन्ही काठांवरच्या झाडांना आणि त्या जुन्या बेहड्याला मुलांनी चिंध्या बांधल्या. ती झाडं तोडायची नव्हती. दुपारी ठेकेदार आला, चिंध्या मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. तेवढ्या झाडांचे पैसे त्याने कापून घेतले. मामूने मान हलवली आणि त्याला चहा विचारला.